एका कल्पनेचा वंशवृक्ष

"एकाहत्तर," रोशनी म्हणाली. "तुमचे एकाहत्तर टक्के, माझे चौदा. उरलेले पंधरा बाकी जगाचे."

ती हसत होती, म्हणून डॉ. मनोहर केळापुरे यांना आधी ती थट्टाच वाटली. त्यांनी तिच्या हातातला टॅबलेट घेतला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि अहवाल ओळ न् ओळ वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. कुठलीही गोष्ट एकदा वाचून खरी मानायची नाही, ही त्यांची जुनी खोड. दुसऱ्या वाचनातही आकडा एकाहत्तरच राहिला.

"काहीतरी चुकलंय," ते म्हणाले.

"साक्षीचं चुकत नाही सर. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"अगं, पण हे तुझं काम आहे..."

वाक्य त्यांनी अर्धवटच सोडलं. बहुतेक वाक्यं ते अर्धवटच सोडत. रोशनी टॅबलेट घेऊन निघून गेली. ती हसत होती ते रडू येऊ नये म्हणून, हे केळापुऱ्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ती जिना उतरून गेली होती.

साक्षी नागपूरच्या त्या वनस्पती-जनुकशास्त्र संस्थेत येऊन सहा वर्षं झाली होती. प्रत्येक प्रयोगशाळेच्या छताला एक करडी डबी, एवढंच तिचं दिसणारं रूप. बैठकीत कोण काय बोललं, वहीत कुणी काय लिहिलं, कुणी कुणाला कोणता निरोप पाठवला, हे सगळं ती ऐके, वाचे आणि जपून ठेवी. जनुकशास्त्रातलीच एक जुनी युक्ती तिने उचलली होती. दोन रोपांतलं एकच जनुक घ्यायचं, त्यातली अक्षरं कुठे कुठे बदलली आहेत ते मोजायचं, आणि त्यावरून कोण कुणापासून उपजलं ते ठरवायचं; अशा पद्धतीने गव्हाचा किंवा माणसाचा वंशवृक्ष मांडता येतो. साक्षी तसाच वंशवृक्ष कल्पनांचा मांडत असे. आज कागदावर असलेली कल्पना काल कुणाच्या तोंडात होती, परवा कुणाच्या, त्याआधी ती कोणत्या निरुपद्रवी शेऱ्याच्या पोटात होती, असं मागे मागे जात ती मुळाशी पोचे. ज्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर आणि सर्वांत मोठा, तो त्या कल्पनेचा जनक.

ती आणली होती ती चांगल्यासाठीच. हाताखालच्या मुलांच्या कल्पना प्राध्यापक आपल्या नावावर खपवतात, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकलेल्या मुलांचं तर कुणी ऐकूनही घेत नाही, अशी तेव्हा ओरड होती. ओरड खरीच होती. नियम करणाऱ्या समितीत केळापुरेही होते. वर्षभरात ते फक्त एकदा बोलले. "गुरूची साक्ष ग्राह्य धरू नये," ते खाली बघत म्हणाले होते. "आम्ही लोक आपल्या भाच्या-पुतण्यांसाठी काहीही लिहून देतो." सगळे हसले होते आणि नियम झाला होता.

आणि आता लाखोळीचा जनक कोण, तर म्हणे मनोहर केळापुरे.

लाखोळी ही भंडारा-गोंदियाकडची गरिबाची डाळ. भात उभा असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बी फेकून द्यायचं. ना नांगर, ना पाणी, ना खत. भात कापून होईस्तोवर खाली निळी फुलं डोलायला लागतात. पाऊस दगा देवो, बाकी सगळं करपो, लाखोळी येतेच. तिच्यात खोट एकच, पण मोठी. दाण्यात एक विष असतं. महिनोन्महिने दुसरं काही न मिळता तीच खाल्ली तर माणसाचे पाय लुळे पडतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. ते विष तयार करणारं जनुक बंद पाडायचा प्रयत्न शास्त्रज्ञ पन्नास वर्षं करत होते. जनुक बंद पडलं की रोपही खुरटायचं, कारण त्याच जनुकावर त्याची वाढही अवलंबून होती.

रोशनी टेंभुर्णेने प्रश्न उलटा केला. विष रोज तयार होतं तसं ते रोज मोडलंही जात असेल तर? तिने ते मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, शोधलं. पाणी तुटलं की त्या विकराचं जनुक झोपी जातं आणि विष साठत जातं, हे दाखवलं. मग जनुकाच्या दाराशी असलेली अकरा अक्षरं बदलून ते तहानेतही जागं राहील असं केलं. जाळीघरातल्या चाळीस कुंड्यांना तीन आठवडे पाण्याचा थेंब दिला नव्हता, आणि पहिल्या शेंगांमधलं विष मोजायला गेलं तर यंत्राला सापडत नव्हतं.

तरुणांसाठीच्या स्वतंत्र प्रयोगशाळेच्या योजनेत तिने अर्ज केला होता. जनक ठरली तर पाच वर्षं तिची स्वतःची प्रयोगशाळा, तिचं स्वतःचं जाळीघर. नाही ठरली, तर एकतीस मार्चला तिला संस्था सोडायची होती. सहा वर्षांपेक्षा जास्त काळ कुणालाही हाताखाली राबवून घेता येणार नाही, हाही नियम तरुणांच्या भल्यासाठीच केलेला. त्याच एकतीस मार्चला केळापुरेही निवृत्त होणार होते. मात्र जनक तेच ठरले तर नियमानुसार त्यांना पाच वर्षं मुदतवाढ मिळणार होती.

*

साक्षीचं कामकाज बघणाऱ्या इंदुरकर मॅडम दुसऱ्या मजल्यावर बसत. बाई मनाने चांगली, पण रोज बारा शास्त्रज्ञांची भांडणं ऐकून तिच्या आवाजाला एक सपाटपणा आला होता.

"सर, तुम्ही पहिलेच," त्या म्हणाल्या. "माझा वाटा कमी दाखवला म्हणून लोक येतात. जास्त दाखवला म्हणून कुणी आलं नव्हतं अजून."

"मी लिहून देतो. कल्पना तिची आहे."

"तुमचं लिहून दिलेलं चालत नाही. का चालत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

केळापुऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुरावा हवा," इंदुरकर म्हणाल्या. "साक्षीच्या नोंदीतलाच. तुमच्या ज्या बोलण्यापासून तिने मूळ धरलंय, त्याच्या आधीचं रोशनीचं बोलणं दाखवा. इकडच्या तिकडच्या गप्पा ती आपणहून जमेला धरत नाही, कुणी तरी नंतर त्यांचा हवाला द्यावा लागतो. तुम्ही जोडून द्या, ती पुन्हा मोजेल. पंधरा दिवस आहेत. सहा वर्षांच्या नोंदी उघडून देते."

"आणि तिने माझं कुठलं बोलणं मूळ म्हणून धरलंय?"

इंदुरकरांनी पडद्यावर पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी हालचाल झाली. "तुमच्या घरची मोरी तुंबली होती का हो सर, तीन वर्षांपूर्वी?"

*

ते बोलणं त्यांनी घरी, दुपारी, कानात इअरफोन घालून ऐकलं. बैठकीला उशीर झाल्याची ते माफी मागत होते. घरात पाणी साचलंय, नळ बंद करून करून आम्ही दमलो, शेवटी प्लंबर म्हणाला, अहो नळाचं काही नाही, मोरी तुंबलीय तुमची. चार लोक हसल्याचा आवाज. मग दोन महिन्यांनी रोशनी: "सर, तुम्ही त्या दिवशी मोरीचं म्हणालात ना, त्यावरून मला वाटलं, की विषाचं पण तसंच असेल. नळाकडे सगळे बघतात, पण..." आणि लगेच त्यांचा स्वतःचा आवाज, मध्येच: "म्हणजे तुला असं म्हणायचंय का, की विष मोडणारं विकर पाण्याच्या ताणात मंद होतं?" पुढचं त्यांनी स्वच्छ इंग्रजीत मांडलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं. आणि रोशनी म्हणाली होती, "हो सर. तुम्ही म्हणताय तसंच."

केळापुऱ्यांनी पुढच्या नोंदी लावल्या. सगळीकडे हेच. पोरगी अडखळत, चाचरत सुरुवात करी. बाकीचे घड्याळं बघायला लागत. तिची फजिती होऊ नये म्हणून ते तिचं वाक्य आपल्या हातात घेत आणि पैलतीराला नेऊन सोडत. तिला हात दिला, असं त्यांना दर वेळी वाटायचं. आणि ती दर वेळी सुरुवातच अशी करी: सर, तुम्ही म्हणालात ना. सर, तुमच्या त्या व्याख्यानावरून. सर, मागे तुम्ही एकदा. वडीलधाऱ्यांसमोर आपलं म्हणून काही मांडायचं नाही, ते त्यांच्याच पदरात घालून मांडायचं, ही आपल्याकडची रीत. साक्षीला रीत माहीत नव्हती. मुलगी जे म्हणत होती ते तिने खरं मानलं, इतकंच.

हे सगळं पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी पुढचे आठ दिवस केळापुरे नोंदी ऐकत राहिले. कशासाठी, असं त्यांच्या बायकोने, प्रभाताईंनी विचारलं.

"खात्री करून घेतोय."

"कसली?"

"कल्पना नक्की कुणाची, याची."

प्रभाताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "चाळीस वर्षं ऐकतेय, 'माझं काही नाही गं, मी नुसता वाचणारा माणूस.' कुणी सत्कार करतो म्हटलं की तुम्हाला ताप यायचा. आता डबी म्हणाली, तर बरं तोंडावर तेज आलंय."

"तसं नाही."

"मोरी तुंबली होती ती मीच काढली होती शेवटी, हात घालून. तुमचा प्लंबर आलाच नाही. माझे किती टक्के, ते विचारा तिला."

केळापुरे हसले नाहीत. कारण बायकोने बोट बरोबर ठेवलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे शोध वाचले, शिकवले, तळटिपा सुधारून दिल्या. आपल्या डोक्यात कधी काही नवं उगवलं नाही, हे दुःख त्यांनी इतकं आत ठेवलं होतं की ते आता दुखतही नसे. आणि चुकीचं न बोलणारं एक यंत्र म्हणत होतं की उगवलं होतं. तुला कळलं नाही, पण एका मंगळवारी, मोरीबद्दल बोलताना, तुझ्या तोंडून एक मोठी गोष्ट निघून गेली. कोण जाणे! न्यायाने पाहिलं तर उपमा त्यांचीच होती. उपमा म्हणजेच अर्धा शोध, असं त्यांनी कुठेतरी वाचलंही होतं. आठ दिवस ते या विचाराला गोंजारत राहिले. त्या आठ दिवसांत ते अधिक ताठ चालत होते.

चौथ्या दिवशी रोशनी त्यांच्या खोलीत आली होती. दारातच उभी राहिली.

"सर, काही झालं का?"

"बघतोय मी. नोंदी फार आहेत."

"तुम्हाला काय वाटतं सर?"

"माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? पुराव्याने जे निघेल ते."

"बरं सर," ती म्हणाली. दार लावताना तिने ते अगदी हळू लावलं.

*

बाराव्या दिवशी त्यांनीच तिला बोलावलं. आठ दिवसांत उपमेच्या मागे मोरीशिवाय काहीही सापडलं नव्हतं आणि मनाची टोचणी वाढली होती. संस्थेच्या मागे बाभळीखाली एक सिमेंटचा बाक होता. तिथे साक्षीची डबी नव्हती.

"खरं सांग," ते म्हणाले. "ही कल्पना तुला माझ्या त्या गोष्टीवरूनच सुचली?"

रोशनीने नखाने बाकावरचं वाळलेलं शेण खरवडलं. "नाही सर."

"मग?"

"आमची भागरता आत्या आहे गावी. तिचे पाय गेले लाखोळीनं. दुष्काळाच्या वर्षी सहा महिने तीच खाल्ली तिनं. काठीवर चालते. ती म्हणते, उंचावरच्या बांधीतली लाखोळी लागते, म्हणजे बाधते, खोलगटातली नाही लागत. बी एकच, वावर एकच. मी लहानपणापासून ऐकत होती. मग इथं आल्यावर वाटलं, एकच बी, मग एका ठिकाणी लागते नि दुसरीकडे काहून नाही लागत? खाली ओल राहते, वर नाही. म्हणजे विष बनण्यात फरक नसेल, सरण्यात फरक असेल. मोरीची गोष्ट तुम्ही नंतर सांगितली. मी ती धरून घेतली, एवढंच."

"अगं, मग हे बैठकीत का नाही सांगितलंस?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "सांगितलं होतं ना सर. आल्या आल्या, पहिल्याच महिन्यात. चहाच्या वेळी."

"मग?"

"तुम्ही बाजूला घेतलं मला. म्हणाले, रोशनी, असं आत्या म्हणते, गावात म्हणतात, हे इथं बोलू नकोस. लोक हसतात. जे म्हणायचं त्याला संदर्भ देत जा." तिने नखातलं शेण झटकलं. "माझ्याजवळ तेव्हा दुसरा कोणता संदर्भ होता सर? तुम्हीच होते."

केळापुऱ्यांना काही आठवेना. आणि न आठवण्याचं कारण त्यांना तत्काळ कळलं. तो सल्ला त्यांनी एकट्या रोशनीला दिला नव्हता. तीस वर्षांत येईल त्या प्रत्येक खेड्यातल्या मुलाला दिला होता, पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमाने. त्या मुलांच्या आत्या, मामे, बाप, शेजारी काय काय म्हणत होते, ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"चहाच्या वेळी म्हणालीस ना? प्रयोगशाळेत?"

"हो."

"डबी तेव्हा लागलेली होती," केळापुरे म्हणाले आणि इतक्या घाईने उठले की त्यांचा चष्मा गवतात पडला.

ती नोंद सापडली. कपबशांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि सहा वर्षांपूर्वीची रोशनी, अजून न चाचरणारी, मोठ्या खणखणीत आवाजात सांगत असलेली: "आमची आत्या म्हणते ना सर..." त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज, दार, आणि दाराबाहेरून अर्धवट ऐकू येणारं त्यांचं स्वतःचं समजावणं. ते ऐकताना केळापुऱ्यांनी कानातला इअरफोन दोनदा काढला आणि दोनदा पुन्हा घातला.

त्यांनी नोंद जोडली. खाली स्वतः लिहिलं की या मुलीचं तोंड मी बंद केलं, त्याबद्दल संस्थेने माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. संध्याकाळी त्यांनी प्रभाताईंना सांगितलं. ताटात पोळी वाढताना त्यांनी त्यावर नेहमीपेक्षा जास्त तूप सोडलं, तेवढंच.

*

पंधराव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, इंदुरकर मॅडमनी दोघांनाही बोलावून घेतलं.

"पुरावा मान्य झाला," त्या म्हणाल्या.

रोशनीने केळापुऱ्यांकडे पाहिलं. सहा वर्षांत तिने त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आपल्या माणसाकडे पाहावं तसं.

"साक्षीने नवा वृक्ष मांडलाय." इंदुरकरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पण तो वाचायची वेळ त्यांनी कुणावर येऊ दिली नाही. भराभर स्वतःच सांगून टाकलं. "केळापुरे सर, तुमचे एकाहत्तरवरून पंचवीस. रोशनी, तुझे चौदावरून सतरा. इतर बारा."

"आणि उरलेले?" केळापुऱ्यांनी विचारलं.

"शेहेचाळीस. लोकज्ञान."

"म्हणजे?"

"आत्याबाईंचे, सर. बी एक, जागा दोन, एका जागी विष लागतं, दुसऱ्या जागी नाही. शोधाचं मूळ तेच ना? ते त्यांनी पाहिलं, त्यांनी सांगितलं. साक्षीच्या हिशेबी सांगणारी आत्या, शास्त्राच्या भाषेत मांडणारे तुम्ही. मधली..." त्या थांबल्या. "मधली पोचवणारी."

केळापुरे खुर्चीतून अर्धे उठले.

"आत्या ते चाळीस वर्षं सांगत होती," केळापुरे म्हणाले. आपला एवढा चढलेला आवाज त्यांना स्वतःलाच ऐकवेना. "सगळा तालुका ते ऐकत होता! त्यातून विकर कुणी शोधलं? ओल आणि विष यांच्यामधला दुवा कुणाच्या डोक्यात जुळला? डोक्यात जुळलेलं तुमच्या डबीला ऐकू येत नाही म्हणून ते झालंच नाही का?"

"डोक्यातलं कुणालाच ऐकू येत नाही सर," इंदुरकर हळू म्हणाल्या. "म्हणून तर बोलायला सांगतो आम्ही मुलांना."

"मग आत्याच्या नावाने तरी द्या प्रयोगशाळा," रोशनी म्हणाली. ती पुन्हा हसत होती. "काठीवर येईल ती."

"त्या संशोधक म्हणून नोंदलेल्या नाहीत ना. शेहेचाळीस टक्के सार्वजनिक झाले. सार्वजनिक कल्पनेला जनक नसतो, आणि जनक नसला की योजना लागू होत नाही. कुणालाच नाही." त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि तो दोघांच्या बरोबर मध्ये ठेवला. "आणि अजून एक. जनुक बदललेली रोपं जबाबदार माणसाशिवाय ठेवता येत नाहीत. एकतीस मार्चनंतर तुम्ही दोघंही नाही. त्याआधी ती नष्ट करावी लागतील. बियांसकट. दोघांच्या सह्या लागतील."

जिन्यावर केळापुरे थांबले. रोशनी दोन पायऱ्या खाली होती.

"मी वर अर्ज करतो," ते म्हणाले. "दिल्लीला लिहितो. माझे काही जुने..."

"नको सर."

"मी आधीच हे करायला हवं होतं. पहिल्या दिवशीच."

"तसं नाही सर. पहिल्या दिवशी केलं असतं तरी हेच निघालं असतं." ती कठड्यावरून हात फिरवत होती. "मी चौथ्या दिवशी आली होती ना तुमच्याकडे? पुरावा विचारायला नव्हती आली. तुम्ही तेव्हा एवढं म्हणाले असते ना, की रोशनी, हे तुझं आहे. मला पुरलं असतं. मग प्रयोगशाळा नसती मिळाली, तरी."

"तुझंच आहे," केळापुरे म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघून हलकेच मान हलवली, जशी ती बैठकीत हलवायची. "हो सर," म्हणाली आणि उतरून गेली.

*

रोपं नष्ट करायचं काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, दोघांनी मिळून केलं. रोशनीला तोपर्यंत हैदराबादच्या एका बियाणे कंपनीत नोकरी लागली होती. पोत्यांतल्या बियांचे नमुने तपासायचे, शिक्के मारायचे. स्वतःचं काही विचारायचं काम नव्हतं. "बरं आहे सर," ती म्हणाली, "तिथं साक्षी नाही."

जाळीघर ऊन लागून तापायला लागलं होतं. चाळीस कुंड्या दोन ओळींत उभ्या होत्या. पाण्याशिवाय राहिलेल्या, तरी हिरव्या. निळी फुलं सरत आलेली, शेंगा भरत आलेल्या. आणखी तीन आठवडे मिळाले असते तर बी पक्कं झालं असतं. नियमाप्रमाणे रोप मुळांसकट उपटायचं, माती झटकायची, जाड पिशवीत घालायचं, आणि अशा पिशव्या वाफेच्या मोठ्या यंत्रात शिजवून काढायच्या, म्हणजे एकही पेशी जिवंत राहत नाही. केळापुरे पिशवीचं तोंड धरून उभे होते. रोशनी उपटत होती. दोघांचं बोलणं एवढंच होतं: "धरा सर." "हं." "पुढची."

तेविसाव्या कुंडीशी तिचा हात थांबला.

तिने रोप उपटलं होतं, माती झटकली होती, आणि ते पिशवीत टाकण्याऐवजी ती डोळ्यांसमोर धरून उभी होती. मुळं उन्हात आली होती. तिने ती एका बाजूला फिरवली, मग दुसऱ्या. खाली वाकून बावीस नंबरचं रोप पिशवीतून पुन्हा बाहेर काढलं, दोन्ही मुळं शेजारी शेजारी धरली. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली आणि ओठ किंचित उघडले. ही खूण केळापुऱ्यांच्या ओळखीची होती. याच्यानंतर ती म्हणायची, सर, तुम्ही मागे म्हणालात ना.

ते वाट बघत राहिले. मध्ये बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ती काय म्हणेल ते शेवटपर्यंत ऐकायचं, तिच्या शब्दांत, कितीही वेळ लागो.

रोशनीने ओठ मिटले.

"काय गं?" ते न राहवून म्हणाले. "काय दिसलं?"

"काही नाही सर."

"काहीतरी दिसलं तुला."

"नाही. काही नाही." तिने दोन्ही रोपं पिशवीत टाकली आणि चोविसाव्या कुंडीकडे वळली.

केळापुऱ्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. आत हात घालून ती दोन रोपं त्यांनी बाहेर काढली. चष्मा कपाळावर सरकवला, मुळं डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, उजेडाकडे धरली, उलटी केली. चाळीस वर्षं वाचलेलं सगळं त्यांनी आठवून पाहिलं. पांढरी, बारीक मुळं, त्यांना चिकटलेले मातीचे कण, गुलाबी गाठी. जशी लाखोळीची असतात तशी.

"सर, पिशवी," रोशनी म्हणाली. तिच्या हातात चोविसावं रोप होतं.

ते अजून बघत होते. त्यांना नुसती मुळंच दिसत होती.